मस्कतला न गेलेला जावई

माझा नवरा मस्कतला कधीच गेला नाही. तो बोरिवलीला होता, आमच्याच फ्लॅटमध्ये. सकाळी अंधेरीला ऑफिसात जायचा, संध्याकाळी येऊन टीव्ही लावून बसायचा. पण घाटकोपरला माझ्या माहेरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यापासून गच्चीपर्यंत कुणालाही विचारा, छातीठोक सांगतील की जावई मस्कतला आहे, कंपनीने पाठवलाय, म्हणून लेक नातीला घेऊन नाहूरला भाड्याने राहते. ही बातमी पिकवली माझ्या वडिलांनी. आबांनी. आयुष्यभर गिरणीत साच्यावर उभा राहिलेला, देवभोळा, सरळ माणूस. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून एकदाच बोलला तो थेट समुद्रापलीकडचं बोलला.

मला त्याचा राग आला होता, आणि खरं सांगते, अजून आठवलं की येतो. पण आधी लग्नाचं सांगायला हवं. नाहीतर तुम्हीही म्हणाल, बाई गं, एवढं झालं तरी काय होतं?

माझा नवरा मारत नव्हता. पीत नव्हता. बाहेर काही भानगड नव्हती. तो बोलायचा नाही. कशावरून तरी वाजायचं आणि हा गप्प व्हायचा. लग्न नवं होतं तेव्हा दोन दिवस, मग आठवडा, मग महिना. शेवटची चार वर्षं तर तो माझ्याशी थेट एक अक्षर बोलला नाही. घरात सगळं सुरळीत चाललं होतं, कारण आमची मुलगी होती. हे सुरू झालं तेव्हा ती नऊ वर्षांची. "आईला सांग, इस्त्रीचे कपडे आणायचेत." "आईला विचार, भाजीत मीठ घातलंय का." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे, कढई हलवत. आणि मी तरी काय दिवे लावत होते? "बाबांना सांग, पान वाढलंय." सांगायची बिचारी. हॉल आणि किचनच्या मधल्या दारात उभी राहायची आणि इकडचं तिकडे करायची. आवाजसुद्धा ज्याचा निरोप त्याच्यासारखा काढायची.

एका रविवारी सकाळी मी भांडी घासत होते, तो पेपर वाचत होता. कुणी काही बोललं नव्हतं. पोर सवयीने दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काय सांगू?"

मी नळ बंद केला. त्याच महिन्यात नाहूरला खोली बघितली. मला सुख हवं होतं, स्वातंत्र्य हवं होतं, असलं काही मोठं नाही. मला माझ्या मुलीला त्या दारातून बाहेर काढायचं होतं. बस. पुढे जे काही केलं, ते त्यासाठी.

नवऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, संमतीने घटस्फोट घेऊया. चार ओळी लिहिल्या होत्या, खूप खोडून खोडून. त्याने उत्तर म्हणून अंगठा पाठवला. पंधरा वर्षांच्या संसाराला अंगठा! मी लॅबमध्ये होते. रक्त काढायचं काम माझं, रोज पन्नास-साठ लोकांच्या शिरा शोधते, हात कधी थरथरत नाही. त्या दिवशी एका आजोबांना दोनदा टोचलं. शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "तुला वकील नको, कोच हवी. माझ्या वहिनीने केली होती."

कोच म्हटल्यावर मला गळ्यात शिट्टी अडकवलेला पीटीचा सर आठवला. घटस्फोटाची पण कोच? उद्या म्हणतील, सर्दीचीही ठेवा. तरी गेले. मुलुंडला, एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. बाई गुजराती, पन्नाशीच्या, जन्म मुलुंडचा, मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. स्वतः घटस्फोट घेतलेल्या. भिंतीवर पाटी होती, त्यावर माइंडफुल असं काहीतरी. मी विचारलं, "माइंडफुल घटस्फोट म्हणजे काय हो? मन लावून घटस्फोट?"

"अगदी तेच," बाई म्हणाल्या. "लोक मन लावून लग्न करतात आणि डोळे मिटून मोडतात. डोळे उघडे ठेवून मोडायचं. बस खाली."

पहिले दोन शनिवार त्यांनी मला नुसतं श्वास घ्यायला लावला. पाय जमिनीला टेकव, खांदे सोड, नवऱ्याचा मेसेज आला की दहा श्वास होईपर्यंत उत्तर द्यायचं नाही. मी मनात म्हणायचे, हे करायला मी इथवर आले? पण तिसऱ्या शनिवारी त्यांनी जे सांगितलं त्याने माझी वाट लागली. म्हणाल्या, "तुझ्या लग्नात काय झालं ते मला चार वाक्यांत सांग. एकच अट. विशेषण वापरायचं नाही."

नालायक, घुम्या, आडमुठा, दगड. माझ्याकडे होतीच ती विशेषणं. ती काढून घेतली तर उरतं काय, असं मी विचारलंच.

"काय झालं ते उरतं," बाई म्हणाल्या. "विशेषण म्हणजे समोरच्याने आपल्या बाजूने यावं म्हणून केलेली मस्का पॉलिश. तुला कुणाची साथ मिळवायचीये? झालं ते झालं. ते तू कुठेही, कुणासमोरही उभी राहून बोलू शकलीस, की तू सुटलीस. कोर्ट नुसता शिक्का मारतं."

मला राग आला. माझ्या दुःखाला व्याकरण शिकवतेय ही बया, असं वाटलं. घरी जाऊन वहीत लिहायला बसले, पहिल्याच वाक्यात दोन विशेषणं आली. खोडलं. परत लिहिलं. तीन शनिवार माझी चार वाक्यं धड होईनात. तोवर आमचा अर्ज कोर्टात दाखल झाला. पुढची तारीख सहा महिन्यांनी, तेव्हा दोघांनी पुन्हा जाऊन सही करायची, की झालं.

आता आबांकडे येते. मी वेगळी राहते हे त्यांना माहीत होतं. अर्ज केलाय हे माहीत नव्हतं. मी दर शनिवारी पोरीला त्यांच्याकडे सोडून जायचे, तर एकदा त्यांनी विचारलं, "खय जातंस गो?" मी म्हटलं, "मुलुंडला एक बाई आहेत, नवराबायकोच्या प्रश्नांत सल्ला देतात." खोटं नव्हतं ते. पण आबांचा चेहरा असा काही उजळला की मला पुढचं बोलवेना. आबांच्या हिशेबी नवराबायकोच्या मधे पडणारा माणूस एकाच कामासाठी पडतो, जोडायला. जुन्या चाळीत त्यांनी स्वतः तीन जोडपी जोडली होती. एकाला तर जिन्यावरून ओढून घरात बसवलं होतं, अजून सांगतात. सोडवायला शिकवणारी बाई असते, हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. आणि मी त्यांना सांगितलं नाही. सरळ तोंड चुकवलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या हातात बाटली दिली. कोकमाचं आगळ, गावाहून आलेलं, आईने लपवून ठेवलेलं. "बाईंक दी. आनि सांग, चेडवाक जरा समजवा म्हणान." मी ती बाटली मुलुंडला घेऊन गेले. बाईंनी झाकण उघडून वास घेतला, खूश झाल्या, ठेवून घेतली. लेकीला समजवा, हा निरोप मी दिलाच नाही.

इकडे आबा कामाला लागले. लेक वेगळी राहते याचं काही कारण नको का लोकांना सांगायला? थोड्या दिवसांचाच प्रश्न, बाई जोडून देणारच आहेत, तोवर जावई कुठेतरी गेला पाहिजे. म्हणून मस्कत. शेजाऱ्यांना सांगितलं, चुलतकाकांना सांगितलं, गावी फोन करून भावाला सांगितलं. आणि माझ्या मुलीला जवळ बसवून, डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "बाय, कोणी विचारल्यान तर सांगायचा, बाबा मस्कताक गेलो आसा."

मला हे कळलं ते बिल्डिंगच्या जिन्यात. शेजारच्या काकू पोरीला विचारत होत्या, काय गं, बाबा फोन करतो का? आणि माझी तेरा वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "हो ना काकू, शुक्रवारी करतात. तिकडे शुक्रवारी सुट्टी असते. आता खूप गरम आहे तिथे, एकेचाळीस डिग्री." काकू गेल्यावर मी विचारलं, हे एकेचाळीस तुला कुणी सांगितलं? तर म्हणे, मोबाइलवर बघते रोज, कुणी विचारलं तर चुकायला नको.

मी तिथेच पायरीवर बसले. रडले, सरळ सांगते. जिन्यातली माणसं मला ओलांडून गेली. ज्या दारातून तिला काढलं म्हणून मी मान ताठ करून फिरत होते, त्याच दारात पोर पुन्हा उभी. फक्त दार घाटकोपरला हललं होतं.

शनिवारी मी धुमसतच मुलुंडला गेले. हातात आगळाची दुसरी बाटली, आबांनी परत दिलेली. बाईंसमोर आबांचा उद्धार सुरू केला. खोटारडे, लोकांना भिणारे, स्वार्थी. त्या दिवशी विशेषणांचा नुसता पाऊस. बाईंनी सगळं ऐकलं, मग बाटलीकडे बोट दाखवलं. "ही कशासाठी?"

मी सांगितलं. पहिल्या बाटलीचं पण सांगितलं.

"म्हणजे तुझ्या बाबांना वाटतं मी तुम्हाला जोडतेय?" बाईंनी चष्मा काढला. "मग तुझ्या नवऱ्याला मस्कतला एकटे तुझे बाबा कुठे घेऊन गेले? अर्ध्या वाटेपर्यंत तूच सोडून आलीस की. ही बाटली परत ने. माझं काम काय आहे ते त्यांना सांग, मग दिली तर घेईन."

मी उठून चालती झाले. जिना उतरताना त्यांना मनात यथेच्छ शिव्या घातल्या. पण रिक्षात बसल्यावर श्वास मोजायला लागले, सवयीने, आणि दहा व्हायच्या आत कळलं की बाई खरं बोलल्यात. त्या संध्याकाळी चार वाक्यं लिहून झाली. एकदाही खोडावं लागलं नाही.

लिहिणं सोपं, हो. आबांसमोर म्हणायचं कसं? त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे गावी जाता येत नाही म्हणून भावाच्या परवानगीने घाटकोपरलाच दीड दिवसाचा गणपती आणायला लागलेले. त्याची धामधूम सुरू होती. आई म्हणाली, सण होऊन जाऊ दे, मग बोल. मी म्हटलं, ठीक आहे. भित्रीच होते मी, दुसरं काय. विशेषण लागलं तर लागलं.

चतुर्थीला दुपारी आरती झाली. दहा बाय बाराच्या खोलीत वीस माणसं. चुलतकाका, मजल्यावरचे शेजारी, त्यांची पोरंबाळं, मोदकांची वाट बघणारी. मग आबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमच्या कोकणात घरातला कर्ता माणूस देवासमोर नारळ ठेवून, हात जोडून, मोठ्याने मागणं मागतो, आणि मागे उभे असलेले सगळे प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. लहानपणापासून एवढं म्हटलेलं असतं की काय मागितलं ते कानात शिरायच्या आधीच तोंडातून होय निघून जातं.

"बा देवा गणपती म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुझी जी काय मोडकीतोडकी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"ह्या घरातल्या पोराबाळांची राखण कर म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"माझ्या गुडघ्याक जरा बळ दी म्हाराजा."

"होय म्हाराजा!" पोरं खिदळली.

आबांचा आवाज खाली आला. "माझो जावय लांब मस्कतात गेलो आसा. तेका सुखरूप घराक हाड, आनि माझ्या चेडवाचो संसार होतो तसो परत जुळवन दी म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळी खोली म्हणाली. आणि माझ्या उजव्या कानाशी, त्या आवाजांत वेगळा ओळखू येणारा, माझ्या मुलीचा आवाज. आदल्या रविवारी ती बोरिवलीला बापाबरोबर पावभाजी खाऊन आली होती. आणि आता हात जोडून, डोळे मिटून, देवाला मस्कत सांगत होती.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

हळू म्हणायचं होतं. पण असलं काही हळू म्हणता येत नाही. कुणाच्या तरी हातातला टाळ वाजला तेवढाच. गाऱ्हाण्याला नाही म्हणतात हे तिथे कुणी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मीसुद्धा. आईने कपाळाला हात लावला. मी मान खाली घातली नाही. का घालावी?

आबा वळले. माझ्याकडे नाही, माझ्या मुलीकडे. रागाने त्यांची हनुवटी हलत होती. "बाय, तुझ्या आवशीक सांग, देवासमोर असा बोलनत नाय. सांग तिका, माफी माग म्हणान."

पोरीने माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे. आवाज अगदी बारीक होता, पण तिचा स्वतःचा होता. "तुम्हीच सांगा ना, आबा. ती इथेच उभी आहे."

मग आणखी एक वाक्य म्हणाली. "मी नाही सांगणार."

तेरा वर्षांच्या पोरीने आबांना उलट उत्तर दिलं नव्हतं, खरं ते सांगितलं होतं, म्हणून रागवता येईना. शेवटी ते माझ्याकडे वळले. "काय झाला ता सांग."

मी पाय जमिनीला टेकवले. "तो चार वर्षं माझ्याशी बोलला नाही. आम्ही दोघं हिच्या तोंडाने बोललो. आम्ही घटस्फोटाचा अर्ज केलाय आणि पुढच्या महिन्यात मी सही करणार आहे. मुलुंडच्या बाई आम्हाला जोडत नाहीत, मला सुटायला शिकवतात, आणि हे मी तुझ्यापासून लपवलं."

काकू डोळे विस्फारून पोरीकडे बघायला लागल्या. एकेचाळीस डिग्री आठवत असणार. आबांना पहिली आठवली ती भलतीच गोष्ट. "मगे ता आगळ?"

"एक बाटली त्यांनी घेतली. दुसरी परत पाठवली."

"तेनी मारूक नाय," आबा म्हणाले. "दारू पिऊक नाय. नुसतो बोलाक नाय, म्हणान तू..."

"हो. नुसता बोलला नाही म्हणून," मी म्हटलं. "मारलं असतं तर तूच मला उचलून आणलं असतंस. नाही मारलं, म्हणून मी तिथेच बसायचं? मार बसेपर्यंत वाट बघू? मला पुरे एवढं कारण. आणखी कुणाला पुरतं की नाही, मला घेणंदेणं नाही."

चुलतकाकांनी घसा खाकरला. "अरे, नारळ ठेवलेलो आसा. गाऱ्हाणा अर्धा सोडू नये."

आबा देवाकडे वळले, हात जोडले, आणि तसेच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मागणं सुचत नव्हतं. पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं, "काय मागू तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी काही मागू नकोस, आबा. जे मागितलंस ते परत घे."

देवाला घातलेलं गाऱ्हाणं परत घ्यायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबले. तिसऱ्यांदा आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा, माझो जावय मस्कतात नाय. तो बोरिवलीक आसा. ता मी खोटा बोललंय, आनि ह्या नातीक पण बोलाक लावलंय, म्हाराजा."

वीस माणसं गप्प. याला होय म्हणायचं असतं का, सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. आबा हात जोडून तसेच वाट बघत उभे होते.

"होय म्हाराजा!" मी म्हटलं, खोलीतल्या सगळ्यांत मोठ्या आवाजात.